घरच्या घरी छायाचित्रांची छपाई : यंत्र कसे पारखून घ्यावे?

पेढीवर नवा माल भरताना आपण तीन प्रश्न विचारतो : माल टिकेल काय, सर्व खर्च धरून तो पदरात कितीला पडेल, आणि बिघडला तर त्याची दाद कोठे मागावयाची? परंतु घरात छायाचित्रे छापण्याचे यंत्र आणावयाची वेळ आली की हेच चतुर व्यापारी खोक्यावरील किंमत तेवढी पाहतात आणि सौदा पुरा करतात. सहा महिन्यांनी ते यंत्र कपाटावर जाऊन बसते, त्यातील शाई सुकते, आणि 'असली यंत्रे आपल्या हवेत चालत नाहीत' असा निर्णय घरात कायमचा दिला जातो. हा निर्णय कितपत खरा आहे आणि यंत्र घेण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पारखाव्यात, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

विषय किरकोळ वाटेल, परंतु तो तसा नाही. पूर्वी लग्नाकार्याच्या निमित्ताने कुटुंब एकदा छायाचित्रकारासमोर बसे आणि ती एकच तसबीर पन्नास वर्षे भिंतीवर राही. आज प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत हजारो चित्रे आहेत, पण भिंतीवर एकही नाही. यंत्र पाण्यात पडले, हरवले किंवा जुने झाले म्हणून बदलले, की त्यातील आजोबा, त्यातील जुने घर आणि त्यातील चवथीची माटोळी हीही त्याबरोबर जातात. पेडणे तालुक्यातील आम्हा लोकांस तर हे अधिकच जाणवावयास हवे. मोपा येथील विस्तीर्ण सडा आमच्या डोळ्यांदेखत बदलला. ११ डिसेंबर २०२२ रोजी तेथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. त्या सड्यावरील पायवाटा, काजूची झाडे आणि गुरे चरावयाची जागा ज्यांनी पाहिली, त्यांच्याजवळ आता उरली आहेत ती चित्रेच. ती कागदावर उतरून कपाटात सुरक्षित राहिली, तरच पुढील पिढीस दिसतील.

या तालुक्याचे छायाचित्रकलेशी असलेले नातेही बरेच जुने आहे. डॉ. भाऊ दाजी लाड हे पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांत त्यांचे नाव होते. आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत. त्या काळी छायाचित्राचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखून सिद्ध करीत आणि त्यावर सूर्यप्रकाशाने चित्र उमटवीत. असे चित्र कालांतराने पिवळे पडे आणि फिकट होई. कागद बदलले, रसायने गेली, शाई आली. पण प्रकाश, दमटपणा आणि हवा हे छायाचित्राचे तीन वैरी तेव्हा होते तेच आजही आहेत. यंत्राची निवड करताना हे तिघे नजरेआड होता कामा नयेत.

१. यंत्राचे काम कसे चालते?

घरगुती छायाचित्रांसाठी जे यंत्र वापरतात ते शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर उडविणारे, म्हणजे इंकजेट जातीचे असते. कोरड्या भुकटीचे लेझर यंत्र बिले आणि पत्रे छापण्यास उत्तम. परंतु माणसाच्या चेहऱ्यावरील छटांची मृदुता त्यात उतरत नाही. म्हणून छायाचित्रांपुरता त्याचा विचार सोडून द्यावा.

थेंब उडविण्याच्या दोन रीती आहेत. १९७७ साली जपानातील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत डाग देण्याच्या तापलेल्या लोखंडाचा स्पर्श शाईच्या पिचकारीच्या सुईस झाला आणि सुईतून शाई उडाली. या प्रसंगातून पहिली रीत निघाली. हेडमधील केसाहून बारीक नळीतील शाई क्षणार्धात तापवितात, तिची वाफ होऊन बुडबुडा फुगतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो. अमेरिकेतील एचपी कंपनीने स्वतंत्रपणे हीच वाट शोधली आणि १९८४ साली तिचे थिंकजेट यंत्र बाजारात आले. दुसरी रीत एप्सन कंपनीची. तीत उष्णता नाही. विजेचा दाब दिला असता किंचित वाकणारा एक स्फटिक नळीवर बसविलेला असतो आणि तो दाबला गेला की थेंब सुटतो. १९९४ साली निघालेल्या एप्सनच्या स्टायलस कलर या यंत्राने इंचास ७२० ठिपके देऊन घरगुती छायाचित्रांच्या छपाईस खरा प्रारंभ करून दिला.

आजच्या यंत्रांतील एक थेंब केवळ काही पिकोलिटरचा असतो. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचे दशलक्ष भाग करून त्यांतील एकाचे पुन्हा दशलक्ष भाग केले असता मिळणारा एक भाग. एवढ्या सूक्ष्म छिद्रात शाई वाळली किंवा धुळीचा कण बसला की ते छिद्र बंद झालेच म्हणून समजावे. चित्रावर आडवे पांढरे पट्टे दिसू लागतात ते याचमुळे.

या दोन रीतींतील भेद गिऱ्हाइकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एचपीच्या पुष्कळ यंत्रांत हेड हे शाईच्या डबीस, म्हणजे कार्ट्रिजलाच जोडलेले असते. डबी बदलली की हेडही नवे मिळते. कॅननच्या टाकीच्या काही यंत्रांत हेड वेगळे विकत घेऊन घरीच बसविता येते. एप्सनचे हेड मात्र यंत्रात कायमचे असते. ते दीर्घकाळ टिकते, पण पुरते तुंबले तर दुरुस्ती महाग पडते. यांतील एक चांगले आणि दुसरे वाईट असे नाही. जो नियमाने छापतो त्याला कायमचे हेड परवडते. जो वर्षातून चार वेळा छापतो त्याने बदलता येणारे हेड पाहावे.

२. डबी की टाकी?

यंत्र स्वस्त आणि शाई महाग, हा या धंद्याचा जुना ओघ आहे. काही डब्यांत शाई १० मिलिलिटरहूनही कमी असते. त्या शाईचा दर लिटरवर काढून पाहिला तर भल्याभल्यांचे डोळे पांढरे होतील. या दरास कंटाळून इंडोनेशियातील लोक यंत्राच्या बाजूस बाहेरच्या शाईच्या टाक्या आणि नळ्या जोडू लागले. गिऱ्हाईक आपल्या मार्गाने जात नाही तर आपणच गिऱ्हाइकाच्या मार्गाने जावे, हे ओळखून एप्सनने २०१० साली त्याच देशात स्वतःचे टाकीचे यंत्र विकावयास काढले. पुढे कॅनन, एचपी आणि ब्रदर या कंपन्यांनीही टाकीची यंत्रे आणली. टाकी भरण्याच्या बाटलीत सामान्यतः ७० मिलिलिटर शाई येते आणि शाईचा दर डबीच्या मानाने पुष्कळ उतरतो. मात्र टाकीच्या यंत्राची मूळ किंमत अधिक असते.

तेव्हा कोणते घ्यावे, याचे उत्तर हिशेबाने काढावे. भाव सतत बदलतात. म्हणून पुढील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी कल्पिलेले आहेत, त्यांच्या जागी वाचकांनी आपल्या बाजारातील दर घालावेत.

समजा, डबीचे यंत्र ५,००० रुपयांस आणि सहा रंगांचे टाकीचे यंत्र २०,००० रुपयांस मिळते. सहा इंच लांब व चार इंच रुंद अशा एका चित्रास डबीच्या यंत्रात १५ रुपयांची आणि टाकीच्या यंत्रात ३ रुपयांची शाई लागते. कागद दोन्हीकडे ६ रुपयांचा. म्हणजे चालू खर्च एकीकडे २१ रुपये आणि दुसरीकडे ९ रुपये. किमतीतील अंतर १५,००० रुपये आणि दर चित्रामागे बचत १२ रुपये; तेव्हा १,२५० चित्रे झाल्यावर दोन्ही यंत्रे बरोबरीस येतात. यंत्राचे आयुष्य पाच वर्षे धरले, तर हे प्रमाण महिन्यास सुमारे २१ चित्रांचे होते. त्याहून अधिक छापणाऱ्याने टाकी घ्यावी, हे उघड आहे.

परंतु हिशेब येथेच थांबविला तर तो अपुरा राहील. बाजारातील कलर लॅब तेच चित्र समजा १५ रुपयांस छापून देते. मग डबीच्या यंत्रावरील २१ रुपयांचे चित्र लॅबहून स्वस्त कधीच होणार नाही. टाकीच्या यंत्रावर दर चित्रास ६ रुपये वाचतात. २०,००० रुपये भरून निघण्यास ३,३३३ चित्रे, म्हणजे पाच वर्षे दरमहा सुमारे ५६ चित्रे छापावी लागतील. शिवाय हेड साफ करण्यात जाणारी शाई आणि बिघडलेले कागद हे यात धरलेलेच नाहीत. ते धरले तर आकडा आणखी वर जाईल.

यावरून आमचे स्पष्ट मत असे की, ज्या कुटुंबास वर्षातून दिवाळी, चवथ आणि एखादे लग्न एवढ्यापुरतीच चित्रे हवी असतात, त्याने यंत्र घेऊ नये. चित्रे निवडावीत, पेडणे, म्हापसा, डिचोली अथवा बांदा येथील लॅबमध्ये छापून घ्यावीत आणि उरलेले पैसे चांगल्या अल्बमवर खर्च करावेत. यंत्र त्याने घ्यावे ज्याच्या घरी मुलांचे शाळेचे काम, ओळखपत्राची चित्रे, दुकानातील मालाची चित्रे आणि कौटुंबिक छायाचित्रे असा बारमाही राबता आहे. किंवा ज्याला आपल्या घरची चित्रे परक्याच्या हाती द्यावयाची नाहीत.

या दोहोंच्या मधला एक मार्गही आहे. कॅननच्या सेल्फी मालिकेतील लहान यंत्रांत ओली शाई नसतेच. रंगाची फीत तापवून रंग कागदात उतरवितात आणि शेवटी त्यावर पारदर्शक थर देतात. ते महिनोन्‌महिने पडून राहिले तरी काही सुकत नाही आणि वरच्या थरामुळे चित्रास दमट हातांचा उपद्रव कमी होतो. चित्र मात्र साधारण पोस्टकार्डाएवढेच निघते आणि फीत व कागद कंपनीचाच घ्यावा लागतो. ज्याला थोडीच पण अधूनमधून चित्रे हवी असतात, त्याने याचा जरूर विचार करावा.

३. रंग किती आणि शाई कोणती?

साधी यंत्रे चार रंगांची असतात : निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. छायाचित्रांसाठी काढलेल्या यंत्रांत आणखी दोन रंग असतात. एप्सनच्या एल ८०५० या यंत्रात फिकट निळा आणि फिकट किरमिजी हे दोन अधिक आहेत. कॅननच्या जी ५७० मध्ये करडा आणि लाल. फिकट शाईचा उपयोग असा की गाल, कपाळ, आकाश अशा उजळ जागी ठिपके विरळ न टाकता फिकट रंगाचे दाट ठिपके टाकता येतात. त्यामुळे चेहऱ्यावर रवाळपणा दिसत नाही. करड्या शाईमुळे काळ्या-पांढऱ्या चित्रात हिरवट किंवा तांबूस झाक येत नाही. आजोबांच्या जुन्या तसबिरींची प्रत काढणाऱ्यास हे सोयीचे. चार रंगांच्या यंत्रातही चांगले चित्र निघते; परंतु त्यांतील काहींची काळी शाई केवळ साध्या कागदापुरती असते आणि चकचकीत कागदावर काळा रंग इतर तिघांच्या मिश्रणाने साधावा लागतो. तेव्हा केसांचा आणि काळ्या कोटाचा रंग कसा उतरतो, ते दुकानातच पाहावे.

शाईच्या जाती दोन. पहिली पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगाची, तिला डाय म्हणतात. ती तेजस्वी दिसते, परंतु प्रकाशाने आणि हवेने लवकर फिकी पडते, आणि दमट हवेत तिच्या कडा पसरतात. दुसरी पिगमेंट, म्हणजे ज्यात रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात ती. ती अधिक टिकते, पण महाग पडते आणि तिची छायाचित्रयंत्रेही मोठ्या किमतीची असतात. घरगुती टाकीच्या छायाचित्रयंत्रांत बहुधा डाय शाईच मिळते.

या संबंधात २००० सालचा एक प्रसंग सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या वर्षी एप्सनने स्टायलस फोटो ८७० आणि १२७० ही यंत्रे काढली आणि त्यांची चित्रे पुष्कळ वर्षे टिकतील अशी ग्वाही दिली. परंतु एका विशिष्ट चकचकीत कागदावरील चित्रे काही ग्राहकांच्या घरी थोड्याच काळात नारिंगी होऊ लागली. दोष प्रकाशाचा नव्हता. हवेतील ओझोनसारखे वायू कागदाच्या सच्छिद्र थरात शिरून निळ्या रंगाचा नाश करीत होते. काचेआड ठेवलेली चित्रे पुष्कळ बचावली. छायाचित्रांच्या टिकाऊपणाचे अमेरिकन अभ्यासक हेन्री विल्हेल्म यांनी १९९३ साली या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यांच्यासारख्यांच्या चाचण्यांत काचेआडचे आयुष्य आणि उघड्या हवेतील आयुष्य हे वेगवेगळे मोजतात ते याचसाठी. खोक्यावर 'शंभर वर्षे' असे छापलेले आढळल्यास ती वर्षे काचेआडची, अल्बममधील की उघड्या भिंतीवरची, आणि कोणत्या कागदावरची, हे विचारावे. आकडा एकटा कधीच पुरेसा नसतो.

बाहेरची स्वस्त शाई घालावी काय, हा प्रश्न व्यापाऱ्यास सुचणारच. बिले छापावयाची असतील तर तो ज्याचा त्याने ठरवावा. परंतु चाचण्यांतील आयुष्य हे त्या शाईचे आणि त्या कागदाचे मिळून असते. शाई बदलली की ते वचन उरत नाही, आणि हेडचा बिघड हमीत बसेल की नाही याचाही वाद उत्पन्न होतो. नातवंडांसाठी ठेवावयाच्या चित्रात चार आण्यांची काटकसर करू नये.

४. कागदाविषयी

उत्तम यंत्रात हलका कागद घातला तर चित्र हलकेच निघेल. छायाचित्राच्या कागदाचे वजन दर चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम किंवा अधिक असावे. त्याच्या पृष्ठावरील थर दोन प्रकारचे असतात. एक सूक्ष्म छिद्रांचा, जो सिलिका किंवा ॲल्युमिना यांच्या कणांचा बनवितात. तो शाई तत्काळ पितो आणि चित्र हाताला कोरडे लागते. दुसरा शाईने फुगून तिला आत घेणारा. तो वाळण्यास वेळ लावतो आणि दमट हवेत चिकटतो. आमच्या हवेस पहिला बरा, मात्र तो वायूंना वाट देतो म्हणून काचेआड किंवा अल्बममध्ये ठेवावा.

येथे आमच्या वाचकांस एक गोष्ट कळविणे अगत्याचे वाटते. लॅबमध्ये रासायनिक पद्धतीने जी चित्रे निघतात, त्यांच्या कागदावरील थर जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन हे जनावरांची हाडे व कातडी यांपासून काढतात. इंकजेटच्या सूक्ष्म छिद्रांच्या कागदात सामान्यतः कृत्रिम बंधक वापरतात. फुगणाऱ्या थराच्या काही कागदांत मात्र जिलेटिन असू शकते. पाकिटावर हे लिहिलेले नसते. ज्यांस याचे महत्त्व वाटते, त्यांनी उत्पादकाकडे लेखी चौकशी करावी.

चित्र मुळात स्पष्ट असणेही तितकेच आवश्यक आहे. सहा बाय चार इंचांस ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने १,८०० गुणिले १,२०० बिंदू लागतात. ए-४ आकारास सुमारे ३,५०८ गुणिले २,४८०. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने पाठविलेले चित्र लहान केले जाते. म्हणून नातलगांकडून चित्र मागविताना ते दस्तऐवज म्हणून पाठवावयास सांगावे. एवढी एक सूचना पाळली तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

५. आमच्या हवेत यंत्र कसे जगेल?

बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत हवेतील आर्द्रता २० ते ८० टक्के आणि उष्णता १० ते ३५ अंश असावी असे लिहिलेले असते. जून ते सप्टेंबर या काळात पेडणे आणि डिचोली येथील आर्द्रता ही मर्यादा कित्येक दिवस ओलांडते. याचा परिणाम मात्र लोक समजतात त्याच्या उलट होतो. पावसाळ्यात हेड सुकण्याचे भय कमी असते. त्या दिवसांत बिघडतो तो कागद : तो वाकतो, दोन पत्रे एकदम ओढली जातात, चित्र वाळत नाही आणि बुरशी धरते. हेड सुकते ते चैत्र-वैशाखाच्या उन्हात आणि दिवसभर वातानुकूलन चालणाऱ्या खोलीत. म्हणून पावसाळ्यात काळजी कागदाची घ्यावी आणि उन्हाळ्यात हेडची.

कागदाचे पाकीट उघडल्यावर उरलेले पत्रे हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावेत. यंत्राच्या तबकात रात्रभर राहू देऊ नयेत. छापलेले चित्र एक दिवस पंख्याच्या मंद हवेत वाळू द्यावे आणि मगच काचेआड घालावे. चित्र आणि काच यांमध्ये पुठ्ठ्याची चौकट घालून फट राखावी, अन्यथा ते काचेस चिकटते. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर तसबीर लावू नये, कारण चिऱ्याची भिंत ओल धरते.

हेडसाठी एकच नियम : आठवड्यातून एकदा एक रंगीत चित्र छापावे. वहीपूजनाप्रमाणे तो वार ठरवून घ्यावा. पट्टे दिसल्यास प्रथम छिद्रांची तपासणी, म्हणजे नोझल चेक, करावी आणि आवश्यक तेव्हाच हेड साफ करावे. वारंवार साफ केल्याने शाई वाया जाते. ती वाया गेलेली शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक गादीत साठते आणि गादी भरली की यंत्र चालावयाचे थांबते. काही यंत्रांत ही गादी वेगळ्या डबीत असते आणि ती घरीच बदलता येते. यंत्र घेताना हे अवश्य विचारावे. आमच्या मते ही सोय दोन रंग अधिक असण्याइतकीच मोलाची आहे.

यंत्र नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावे. तसे केले असता हेड आपल्या जागी जाऊन त्यावर झाकण बसते. भिंतीवरील बटण आधी बंद केले, किंवा छपाई चालू असता वीज गेली, तर हेड उघडे राहते आणि सुकते. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून शक्य तर यंत्र बॅटरीच्या आधारावर चालवावे, आणि वीज परत आल्यावर ते एकदा सुरू करून रीतीने बंद करावे. तांबड्या मातीची धूळ रुळांवर बसते व चित्रावर ओरखडे उमटतात. त्यासाठी काम संपताच यंत्रावर कापड घालावे. टाकीत शाई असताना यंत्र आडवे करून गाडीतून नेऊ नये.

६. दुकानात काय पाहावे?

पेढीवर माणूस ठेवताना आपण त्याचे बोलणे ऐकत नाही, त्याला एक दिवस काम देऊन पाहतो. यंत्राचेही तसेच करावे. आपले स्वतःचे चित्र बरोबर न्यावे. त्यात एक चेहरा, एक पांढरे वस्त्र आणि एक अंधारा कोपरा असावा. तेच चित्र आपण घेणार त्याच कागदावर छापून मागावे. चेहरा तांबडा किंवा हिरवट दिसतो काय, पांढऱ्या वस्त्राच्या घड्या दिसतात काय, अंधारात काही ओळखू येते की सर्व काळे होते, हे दिवसाच्या उजेडात पाहावे. काठ न सोडता चित्र छापता येते काय, आणि जाड कागद मागील बाजूने सरळ आत जातो की वळसा घेऊन जातो, हेही पाहावे. वळसा घेणाऱ्या यंत्रात जाड कागद अडकण्याचा संभव अधिक.

त्यानंतर हमीची कागदपत्रे वाचावीत. पुष्कळ यंत्रांची हमी वर्षे किंवा पानांची संख्या, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवरच असते. हेडचा समावेश तीत आहे काय? दुरुस्तीचा माणूस मोपा, पेडणे किंवा डिचोलीपर्यंत येतो, की यंत्र आपणच म्हापशास अथवा पणजीस नेऊन द्यावयाचे? शाईच्या बाटल्या कोणत्या दुकानात नेहमी मिळतात? या प्रश्नांची उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत. दोन यंत्रे गुणांनी सारखी असतील, तर ज्याची शाई आणि दुरुस्ती जवळ मिळते तेच चांगले समजावे, मग त्याचे नाव काहीही असो.

तात्पर्य, विश्वासू यंत्र म्हणजे कधीच न बिघडणारे यंत्र नव्हे. असे यंत्र कोठेच मिळत नाही. ज्याचा खर्च आधी कळतो, ज्याचा बिघाड जवळच दुरुस्त होतो, आणि ज्याला लागणारी निगा आपल्या हातून खरोखर होईल, ते यंत्र विश्वासू. ज्याला आठवड्यास एक चित्र छापण्याचीही सवड नाही, त्याने लॅबवर विसंबावे. त्यात कमीपणा नाही. मात्र यंत्र घ्या अथवा घेऊ नका, दर वर्षी वहीपूजनाच्या सुमारास त्या वर्षातील निवडक वीस-पंचवीस चित्रे कागदावर उतरवावीत. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहावे, आणि ती जमाखर्चाच्या वहीइतक्याच काळजीने कपाटात ठेवावीत. आपल्या पूर्वजांनी आपल्या हाती हिशेबाच्या वह्या दिल्या. त्यांचे चेहरे मात्र थोड्यांनाच पाहावयास मिळाले. पुढच्या पिढीस ती उणीव भासू नये, एवढे आपल्या हाती खास आहे.